म्युझिक व्हिडिओचं स्टायलिंग: डिझायनर आणि दिग्दर्शक, दोघांबरोबर काम कसं जुळवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. फॅशन डिझाइनचा कोर्स झालाय, नाशिकमध्ये कॉलेज रोडच्या एका बुटीकमध्ये काम करता. ओळखीच्या गायिकेच्या मराठी गाण्याचा व्हिडिओ गोदाघाटावर आणि एका द्राक्षबागेत शूट होणार आहे. शहरातलीच एक डिझायनर कपडे द्यायला तयार आहे, दिग्दर्शकाच्या डोक्यात वेगळंच चित्र आहे, गायिकेला पैठणी नेसायची आहे आणि स्टायलिस्ट म्हणून तुम्ही या तिघांच्या मधे उभ्या आहात. कुणाचं ऐकायचं, पैसे कसे ठरवायचे आणि हे काम पुढे करायचं तर मुंबईला जावंच लागेल का?

गेली बरीच वर्षं मी नाशिकमध्ये राहून हेच काम करते आहे: डिझायनरांची लूकबुक्स (कलेक्शनचे फोटो-अल्बम), गाण्यांचे व्हिडिओ, अधूनमधून जाहिराती. डिझायनर आणि दिग्दर्शक यांचे खटके उडतात ते आवडीनिवडीवरून, असं वरवर दिसतं. मला मूळ कारण वेगळं दिसतं. डिझायनरने तो कपडा पुतळ्यावर किंवा आरशासमोर शांत उभ्या असलेल्या मॉडेलवर पाहिलेला असतो. दिग्दर्शकाने तो बहुतेक वेळा पाहिलेलाच नसतो. त्याच्या मनात फ्रेम असते, उजेड असतो, कॅमेऱ्याची चाल असते. गाणाऱ्या, चालणाऱ्या, वळणाऱ्या अंगावर तो कपडा कसा वागेल हे दोघांनाही ठाऊक नसतं. ते आधी शोधून दोघांना दाखवणं हे आपलं काम. मूडबोर्ड, म्हणजे रंग आणि चित्रं जुळवलेला फलक, त्यानंतर.

एक फरक सुरुवातीलाच लक्षात घ्या. सिनेमातला वेशभूषाकार पात्रासाठी काम करतो. कोल्हापूरच्या भानू अथैया यांना ‘गांधी’ चित्रपटासाठी 1983 मध्ये जॉन मोलो यांच्यासोबत ऑस्कर मिळालं. अशा कामात कपडे पात्रात विरघळून गेले की वेशभूषाकार जिंकला. गाण्याच्या व्हिडिओत गायिका बहुधा स्वतःच्याच नावाने, स्वतःच्याच चेहऱ्याने उभी असते. गाणं संपल्यावर ती पोस्टरवर दिसणार, पुढच्या मैफलीत दिसणार. डिझायनरचं कलेक्शनही गाण्याच्या आधीपासून असतं आणि नंतरही राहणार असतं. त्यामुळे कपड्याला तिथे तीन मालक असतात आणि तिघांचंही म्हणणं रास्त असतं. तुम्ही कुणाची बाजू घ्यायची नाही, तिघांना एका तक्त्यावर आणायचं.

तो तक्ता असा करा. दिग्दर्शकाकडून शॉट लिस्ट मागून घ्या. छोट्या बजेटच्या कामात ती लेखी नसतेच. मग त्याच्यासमोर बसा, गाणं लावा आणि ओळीओळीला थांबवून विचारा. ध्रुवपदाला ती कुठे आहे? बसलीय की चालतेय? पाण्यात पाय सोडलेत का? कॅमेरा छातीपर्यंत आहे की पूर्ण अंग दिसतंय? मागे नाचणारे आहेत का आणि त्यांचे रंग कोण ठरवणार? वहीत सरळ चार रकाने आखा: गाण्याची ओळ, जागा आणि वेळ, अंगाची हालचाल, शॉट किती जवळचा. हा तक्ता भरता भरताच निम्मे पर्याय बाद होतात, तेही कुणाचं मन न दुखावता. डिझायनरला ‘तुमचा ड्रेस दिग्दर्शकाला आवडला नाही’ असं सांगावं लागत नाही. ‘या कडव्यात ती पंचवीस पायऱ्या उतरणार आहे, यात जमेल का?’ असं विचारता येतं, आणि जमण्याचा मार्ग बऱ्याचदा डिझायनरच सुचवते.

मागे एका गाण्याच्या वेळी अगदी असंच झालं. डिझायनरने मोठ्या हौसेने ऑर्गन्झाचा घेरदार लेहंगा दिला होता, आणि गायिकेने घाटाच्या पायऱ्या उतरत, हात पसरून गायचं होतं. आम्ही ट्रायल स्टुडिओत न घेता डिझायनरच्याच इमारतीच्या जिन्यात घेतली. ऑर्गन्झा ताठ असतो, पायरी उतरताना तो खाली पडत नाही, पुढे फुगतो. तिसऱ्या पायरीलाच गायिकेने दोन्ही हातांनी घेर उचलून धरला. म्हणजे हात गेले, आणि हात पसरण्यावर तर दिग्दर्शकाचा अख्खा शॉट बेतलेला. हे तिघांनी एकाच वेळी पाहिलं. डिझायनरने स्वतःहून त्याच रंगातला जॉर्जेटचा स्कर्ट काढला आणि दिग्दर्शकाने लेहंग्यासाठी घाटाच्या सपाट ओट्यावर एक स्थिर शॉट वाढवला. माझ्या वाट्याला बोलायचं फारसं काही आलंच नाही.

फिटिंगला म्हणूनच मी फार वेळ देते आणि तुम्हीही द्या. गायिकेला कपडा घालून नुसतं उभं करू नका, पूर्ण आवाजात गायला लावा. गाताना बरगड्या फुलतात. आरशासमोर अगदी मापात बसलेलं ब्लाउज लांब सुराला हुकांवर ताणतं आणि क्लोजअपमध्ये ते लगेच दिसतं. मग हात वर करायला सांगा. बाही घट्ट असेल तर अख्खं ब्लाउज वर सरकतं. तिथे काखेत लहानसा तुकडा जोडला की प्रश्न सुटतो. पण हा तुकडा जोडण्याआधी डिझायनरला विचारा. कपडा तिचा आहे. तुम्ही आत टाके घालून, टाचून, परत पूर्ववत करता येईल असा बदल करू शकता. कात्री लावायची तर तिची परवानगी हवी, आणि ती व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लेखी हवी.

फिटिंगची आणखी एक गोष्ट फक्त गाण्यांच्या व्हिडिओत लागते. दिग्दर्शकाला विचारा की कुठले शॉट स्लो मोशनमध्ये आहेत आणि त्यात ओठ हलणार आहेत का. असतील तर कॅमेरा बहुधा सेकंदाला 48 फ्रेम टिपतो आणि पडद्यावर त्या 24 च्या वेगाने दाखवतात. ओठ गाण्याशी जुळावेत म्हणून सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवलं जातं. म्हणजे पडद्यावर जी बाई संथ, डौलदार वळताना दिसते, ती प्रत्यक्षात भराभर वळत असते. पदर खांद्यावरून सुटणं, ओढणी कानातल्यात अडकणं, घागऱ्याचा घेर पायात येणं हे सगळं त्या दुप्पट वेगात घडतं. ट्रायलच्या वेळी गाणं दुप्पट वेगाने लावून एकदा करून बघा; काय काय टाचायला हवं ते पाच मिनिटांत कळेल. शिफॉन, जॉर्जेट, मलमल हे कपडे संथ गतीत तरंगतात. ताफेटा किंवा ब्रोकेड तरंगत नाहीत, पण त्यांची घडी पडताना आणि मोडताना छान दिसते. कुठल्या ओळीला काय हवं ते दिग्दर्शकाला फोनवर व्हिडिओ काढून दाखवा. तोंडी वर्णनावर विसंबू नका.

कॅमेऱ्याच्या तक्रारी आधीच माहीत असलेल्या बऱ्या. बारीक आणि जवळजवळच्या रेघा, बारीक चौकडी यांवर पडद्यात लहरी उठतात. तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यात, वेगवेगळ्या अंतरावरून बघितलं तर त्या बऱ्याचदा तिथेच पकडल्या जातात. पांढराशुभ्र कपडा दुपारच्या उन्हात कॅमेऱ्याला नुसता पांढराफटक दिसतो, त्याचं विणकाम दिसत नाही. त्याऐवजी मोतिया किंवा कच्च्या सुताचा रंग घ्या. काही शॉट हिरव्या पडद्यासमोर असतील तर हिरवा नको हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्या पडद्याचा हिरवा उजेड चमकदार जरीवर आणि टिकल्यांवरही पडतो हे सेटवर गेल्यावर आठवतं. शिवाय आता प्रत्येक गाणं आडवं निघतं आणि उभं कापूनही निघतं. रीलमध्ये कडेचं सगळं जातं. बाजूला पसरलेला घेर, लांब ओढणी यावर तुम्ही मेहनत घेतली असेल तर ती फोनवर दिसणारच नाही. गळा, बाही, कान, केस, बोटं यांकडे जास्त लक्ष द्या. एक सवलत मात्र गाण्याच्या व्हिडिओत मिळते: आवाज आधीच रेकॉर्ड झालेला असतो, त्यामुळे मुलाखतीच्या शूटला ज्या बांगड्या आणि पैंजण काढून ठेवावे लागतात ते इथे खुशाल वाजू देत.

आता पैठणी. गायिकेची इच्छा आहे म्हणजे ती असायला हवी, आणि आपलं भाग्य असं की येवला आपल्याच जिल्ह्यात आहे. एकदा तिथे जाऊन मागावर बसलेल्या विणकराच्या शेजारी बसा. दुकानातल्या गादीवर साडी उलगडून पाहणं आणि हे बघणं यांत फार अंतर आहे. पदरावरचा मोर किंवा मुनिया विणताना प्रत्येक रंगाची वेगळी लहान कांडी असते. विणकर बोटांनी ती कांडी ताण्याच्या, म्हणजे उभ्या, मोजक्या धाग्यांमधून ओवतो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवतो आणि पुढे जातो. एक ओळ, मग दुसरी ओळ. अर्ध्या तासाने पोपटाच्या चोचीत थोडा लाल रंग आलेला असतो. एखाद्या भरगच्च पदरावर महिने का जातात हे मग कुणाला सांगायला लागत नाही, आणि अशी साडी ‘फक्त एका दिवसासाठी’ फुकट मागायला जीभही रेटत नाही.

या विणीचा कॅमेऱ्याशी थेट संबंध आहे. हातमागावरच्या पैठणीत रंगांचे धागे एकमेकांत गुंतवलेले असल्याने पदर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखा दिसतो. यंत्रमागावरच्या साडीत उलट्या बाजूला सुटे, कापलेले धागे असतात. घाटावर वारा असतो, पदर उडणार, उलटी बाजू दिसणार. तिथे साडीचा खरेपणा लपत नाही. दुसरं, पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा (आडवा धागा) दुसऱ्या रंगाचा असला की धूपछाव रंग येतो. डोळ्यांना तो सुंदर वाटतो, पण एका शॉटमध्ये साडी जांभळी आणि कोन बदलला की लालसर दिसते. रंग दुरुस्त करणाऱ्या माणसाला वाटतं की कॅमेऱ्याची चूक झाली आणि तो ते ‘बरोबर’ करायला जातो. त्याला आधीच कळवा, शक्य असेल तर नैसर्गिक उजेडात काढलेला साडीचा फोटो पाठवून ठेवा.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. पैठणीचं सगळं वैभव पदरात असतं, आणि आपल्या नेहमीच्या नेसण्यात पदर डाव्या खांद्यावरून मागे जातो. गायिका कॅमेऱ्याकडे तोंड करून गाते, म्हणजे जिच्यासाठी एवढा अट्टहास केला ती नक्षी अख्ख्या गाण्यात दिसत नाही, काठ तेवढे दिसतात. यावर दोन उपाय आहेत. दिग्दर्शकाकडून पाठमोरा एक शॉट मागून घ्या, पाण्याकडे तोंड करून चालत जाण्याचा. गोदाघाटावर तो साहजिक वाटतो. किंवा उजव्या खांद्यावरून पुढे येणाऱ्या गुजराती पद्धतीने नेसवा, म्हणजे पदर छातीवर उघडतो. दुसरा उपाय वापरायचा तर गायिकेला विचारा. काहींना आपल्या पद्धतीचंच नेसणं हवं असतं आणि ते बरोबरही आहे.

डिझायनर बऱ्याचदा म्हणते की पैठणीचं जॅकेट करू, गाऊन करू. माझं मत ठाम आहे: हाताने विणलेली, धड अवस्थेतली साडी एका गाण्यासाठी कापू नये. जिचे काठ चांगले आहेत पण अंगात रेशीम विरलंय अशी जुनी साडी असेल तर काठ-पदर जरूर वापरा, त्यात काहीच गैर नाही. नवीन हवं असेल तर विणकराला हवी ती लांबी सांगून कापड विणून घ्या. कपड्याच्या भागांप्रमाणे नक्षी कुठे यावी हे डिझायनर आणि विणकर मिळून ठरवू शकतात. याला वेळ लागतो आणि गाण्याची तारीख थांबत नाही, हे मला माहीत आहे. पण आजवर पाहिलेलं उत्तम काम अशाच जोडीतून झालेलं आहे. पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे नावाला संरक्षण आलं, पण विणणाऱ्याचं नाव व्हिडिओखाली लिहायचं की नाही हे अजूनही आपल्या हातात आहे. लिहा.

जागांबद्दल थोडं, कारण कपडे जागेवरच बिघडतात. गोदाघाटाच्या पायऱ्या आणि मागची देवळं काळ्या पाषाणाची आहेत. गडद कपडे त्यात बुडतात, सकाळच्या पहिल्या उजेडात तर फारच. मोतिया, हळदी, डाळिंबी उठून येतात. रामकुंडावर लोक आपल्या माणसांच्या अस्थी घेऊन येतात. तिथे कॅमेरा लावण्याची घाई दिग्दर्शकाला झाली तरी तुम्ही जागा थोडी बाजूला घ्यायला सांगा आणि कपडेही त्या जागेची आब राखणारे ठेवा. कपडे बदलायला जवळ एखादं घर किंवा धर्मशाळेची खोली आधी ठरवा. 2027 च्या सिंहस्थामुळे घाटांवर कामं आणि गर्दी दोन्ही असणार, तेव्हा परवानगीचं आणि रेकीचं (जागा आधी जाऊन पाहण्याचं) दिग्दर्शकाला आत्ताच विचारून घ्या.

द्राक्षबागेचं वेगळंच आहे. बागायतदाराला दोन गोष्टी विचारा: छाटणी कधीची आहे आणि शेवटची फवारणी कधी झाली. आपल्याकडे एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरच्या सुमारास अशा दोन छाटण्या होतात. एप्रिल छाटणीनंतर बाग उघडीबोडकी असते आणि दिग्दर्शकाच्या मनातले घड साधारण जानेवारी ते मार्चमध्ये दिसतात. मागची भिंत हिरवी आहे की तपकिरी यावर तुमचा सगळा रंग ठरतो. गर्द पानांसमोर मोरपंखी आणि पोपटी हरवतात. फवारणीत बोर्डो मिश्रण असेल तर पानांवर निळसर थर बसलेला असतो. रेशमाला तो लागला की डिझायनरला काय सांगायचं हा प्रश्न पडतो. वेलींच्या तारा खांद्याच्या आणि डोक्याच्या उंचीवर येतात, खाली ठिबकच्या नळ्या असतात. जमिनीवर लोळणारा घेर आणि लांब ओढणी बागेत नेऊ नका, बागेबाहेरच्या वाटेवर तो शॉट घ्यायला सांगा.

व्हिडिओत नाशिक ढोल येणार असेल, आणि आपल्याकडच्या गाण्यांत तो हमखास येतोच, तर ढोलवाल्यांना मागची गर्दी समजून उरलेले कुर्ते देऊ नका. ढोलाचा पट्टा खांद्यावर आणि ढोल पोटावर घासतो, त्यामुळे तिथे भरतकाम टिकत नाही आणि मुलांना टोचतं. साधं, जाड सुती कापड, बाहीला मोकळीक, आणि रंगाचा सगळा जोर फेट्यात. फेटे बांधणारा माणूस वेगळा बोलवा आणि त्याचे पैसे बजेटमध्ये पहिल्यापासून धरा. गुलाल उधळणार असतील तर डिझायनरचा उसना कपडा त्या दिवशी सेटवर आणूच नका. रंगपंचमीच्या रहाडीसारखं (रंगाच्या हौदात उड्या मारण्याचं) दृश्य असेल तर मलमलचे स्वस्त कपडे विकत घ्या, एकसारखे दोन-तीन जोड, कारण रंगात भिजलेला कपडा दुसऱ्या टेकला वापरता येत नाही. एखाद्या दिग्दर्शकाला सुरगाणा-पेठकडच्या बोहाड्याचे मुखवटे हवे असतात. ती त्या गावांची देवाची सोंगं आहेत. गावाशी बोलून, त्यांना सोबत घेऊन करता आलं तर करा. भाड्याने आणायच्या वस्तूंच्या यादीत ते घालू नका.

सेटवर तुमच्या पिशवीत काय असावं हे एव्हाना तुम्ही कुठेतरी वाचलं असेल: स्टीमर, सेफ्टी पिना, दुहेरी चिकटपट्टी, सुई-दोरा, हुक, घाम टिपायचे पॅड. मी एवढंच म्हणेन की पैठणीच्या जरीत पिन टोचू नका, निऱ्यांच्या आतल्या साध्या भागात टोचा, आणि परफ्यूम कपडा घालण्याआधी मारायला सांगा. प्रत्येक टेकनंतर कंटिन्यूइटीचा फोटो काढा: पदर कुठे, केसांची बट कुठे, कुठल्या हातात किती बांगड्या. गाण्याचं शूट क्रमाने होत नाही, त्यामुळे ध्रुवपदाचा उरलेला अर्धा भाग सायंकाळी घेतला जाऊ शकतो. स्पॉटदादा आणि मेकअपदादांशी नीट बोला. ऐनवेळी कपड्यावर चहा सांडण्यापासून तुम्हाला तेच वाचवतात.

पैशांबद्दल संकोच करू नका. तुमची फी आणि कपड्यांचं बजेट हे दोन वेगळे आकडे आहेत, ते एकाच रकमेत कधीही सांगू नका. एकत्र सांगितले की शिलाई, ड्राय क्लीनिंग, रिक्षा-टेम्पो सगळं तुमच्या फीमधून जातं. फी सांगताना तयारीचे, फिटिंगचे, शूटचे आणि कपडे परत करण्याचे दिवस धरा. निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली शूटच्या दिवशी किंवा ठरलेल्या तारखेला, असं मेलवर लिहून घ्या. निर्माता कंपनी असेल तर ती व्यावसायिक फीवर 10 टक्के टीडीएस कापू शकते. तो विवरणपत्र भरताना तुमच्या कराच्या हिशोबात धरला जातो, त्यामुळे कापला की घाबरू नका, नोंद मात्र ठेवा. सेवा व्यवसायात वर्षाची उलाढाल 20 लाखांपर्यंत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नसते. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) मात्र जरूर करून घ्या, ती मोफत आहे. 2006 च्या एमएसएमईडी कायद्यानुसार नोंदणीकृत लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. भांडायची वेळ क्वचितच येते, पण बिलावर उद्यम क्रमांक लिहिलेला असला की पैसे जरा लवकर येतात, हा माझा अनुभव.

डिझायनरशी कागद वेगळा करा. किती नग घेतले, कुठल्या अवस्थेत घेतले याचे फोटो, परतीची तारीख, खराब झालं तर दुरुस्ती कोण करणार, नाव कसं आणि कुठे द्यायचं हे सगळं त्यात यावं. ‘नाव कुठे’ हे फार बारकाईने लिहा. व्हिडिओखालच्या माहितीत पहिल्या काही ओळींत हवं; ‘आणखी वाचा’च्या मागे गेलेलं नाव कुणी वाचत नाही. आणि कपड्यांचा वापर फक्त त्या गाण्यापुरता आणि त्याच्या प्रसिद्धीपुरता आहे हेही लिहा. एका कामात आमच्या गाण्याचे फोटो निर्मात्याने परस्पर दुसऱ्या उत्पादनाच्या जाहिरातीत वापरले होते. त्या डिझायनरला ते होर्डिंगवर पाहून कळलं, तिने मला फोन केला, आणि मला जे वाईट वाटलं ते अजून विसरलेले नाही. तेव्हापासून ही ओळ मी प्रत्येक करारात घालते.

तुमच्या डिझायनरला एक गोष्ट आवर्जून सांगा, कारण नाशिकमधल्या अनेकींना ती ठाऊक नसते. नोंदणी करता येण्याजोगं डिझाइन नोंदवलेलं नसेल आणि औद्योगिक पद्धतीने त्याच्या पन्नासपेक्षा जास्त प्रती निघाल्या, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 15 प्रमाणे त्यावरचा कॉपीराइट संपतो. गाणं चाललं की लोक तसाच ड्रेस मागतात आणि बाजारात तो दिसायला लागतो. एखादा लूक गाजेल असं वाटत असेल तर गाणं बाहेर येण्याआधी, म्हणजे डिझाइन जगाला दिसण्याआधी, डिझाइन कायद्याखाली नोंदणीचा अर्ज करावा. संरक्षण आधी 10 वर्षं आणि नंतर आणखी 5 वर्षं मिळतं.

मुंबईला जावं लागेल का? जावं लागतं, पण राहायला जायची गरज मला तरी पडली नाही. मोठ्या ब्रँडचे कपडे तिथल्या पीआर एजन्सींकडून येतात आणि ते बहुतेक सॅम्पल साइजमध्येच, म्हणजे मॉडेलच्या एकाच ठरावीक मापात असतात. आपल्या गायिकेच्या अंगाला ते बसतीलच असं नाही. सकाळी नाशिक रोडहून पंचवटी एक्सप्रेस धरली तर दिवसभरात एजन्सी, दागिने आणि चपला आटोपून रात्री परत येता येतं. बाकी कापड, शिंपी, येवल्याचा माग, सराफ बाजारातली जुनी घडण, फेटेवाले हे सगळं इथेच आहे, आणि इथले डिझायनर तुमच्यासोबत जिन्यात उभं राहून ट्रायल घ्यायला तयार असतात. दादासाहेब फाळकेंनीही 1913 मध्ये पहिला चित्रपट मुंबईत दाखवल्यावर आपली कंपनी नाशिकला आणली होती.

तुमच्या व्हिडिओसाठी मी काय करेन ते सांगते. पैठणी घाटावर, पहाटे, मोजक्या हालचालींच्या ओळींना, आणि एक पाठमोरा शॉट. डिझायनरचे कपडे बागेतल्या कडव्याला, घेर घोट्याच्या वर, रंग पानांच्या विरुद्ध. या आठवड्यात दिग्दर्शकासोबत तक्ता भरा, पुढच्या आठवड्यात तिघांना एकत्र बोलावून जिन्यावर फिटिंग घ्या, गाणं दुप्पट वेगाने लावून. शूट झाल्यावर पैठणी सावलीत वाऱ्यावर टाका, घडी आधीपेक्षा वेगळ्या जागी मोडा, मलमलीत गुंडाळून ज्याची आहे त्याच्या हातात द्या आणि चलनावर सही घ्या. गाणं प्रदर्शित होण्याच्या आदल्या दिवशी श्रेयनामावलीचा मजकूर दिग्दर्शकाला पुन्हा एकदा पाठवा, डिझायनर आणि विणकर या दोघांच्या नावांचं शुद्धलेखन तपासून.